रेषा कोणी ओढायची? नागरिकांच्या परिसीमन आयोगाबद्दल इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही काही इंदूरकर मराठी मंडळी एका मागणीसाठी सह्या गोळा करतो आहोत. विधानसभा असो, लोकसभा असो की महापालिकेचा वॉर्ड, त्याची हद्द आखणाऱ्या आयोगात सामान्य नागरिक बसावेत. आणि ज्यांना त्याच हद्दीतून निवडून यायचंय त्यांचा हात त्यात नसावा. दारोदार गेलं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. वरपासून खालपर्यंत वाचायलाच हवं असं नाही.

परिसीमन म्हणजे काय, आणि हा विषय आत्ताच कुठून उपटला?

माणसं जागा बदलतात, हद्दी बदलत नाहीत. म्हणून मधूनमधून मतदारसंघांच्या रेषा नव्याने ओढाव्या लागतात. त्यालाच परिसीमन म्हणतात.

उदाहरणाला दूर जायला नको. इंदूरचे विधानसभा मतदारसंघ आपण नंबराने ओळखतो. जुन्या शहरातला आपला 'तीन नंबर' आणि पूर्वेकडे वाढत गेलेला 'पाच नंबर' यांच्या मतदारयाद्या शेजारी ठेवा. पाच नंबरात तीन नंबरच्या सुमारे दुप्पट मतदार आहेत. आमदार मात्र दोन्हीकडे एकच. म्हणजे भोपाळच्या विधानसभेत पाच नंबरवाल्याच्या मताचं वजन तीन नंबरवाल्याच्या जेमतेम निम्मं. यात कुणाचं कारस्थान नाही. आजच्या हद्दी २००१ च्या जनगणनेवर बेतलेल्या आहेत, २००८ साली लागू झाल्या, आणि तेव्हापासून शहर बायपासच्या दिशेने फुगत गेलं.

आता जनगणना होते आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. राज्यघटनेतली तरतूद अशी की २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांची संख्या गोठलेली राहील. म्हणजे लवकरच सगळा नकाशा पुन्हा टेबलावर येणार. आला की बोलायला वेळ मिळत नाही, म्हणून आत्ता.

मतं तीच, माणसं तीच. रेषा इकडची तिकडे झाल्याने एवढं काय बिघडतं?

कागदावर करून बघा. एका मोहल्ल्यात ५० मतदार. ३० पोहे पक्षाचे, २० जिलबी पक्षाचे. दहा-दहा जणांचे ५ वॉर्ड करायचे आहेत आणि पेन्सिल जिलबीवाल्यांच्या हातात आहे.

ते काय करतील? पोहेवाल्यांची जिथे दाट वस्ती आहे तिथे दोन वॉर्ड असे आखतील की प्रत्येकात ९ पोहेवाले आणि १ जिलबीवाला येईल. १८ पोहेवाले दोन वॉर्डांत कोंबून झाले. उरले १२. ते उरलेल्या तीन वॉर्डांत चार-चार असे पांगवायचे आणि प्रत्येक वॉर्डात ६ जिलबीवाले ठेवायचे. निकाल: जिलबी ३, पोहे २. साठ टक्के मतं घेऊन पोहेवाले विरोधी बाकावर. बोगस मतदान नाही, मशीनमध्ये घोळ नाही, केंद्रावर पोलीस हजर, सगळं कसं कायदेशीर.

पेन्सिल पोहेवाल्यांच्या हाती असती तर त्यांनी पाचही वॉर्डांत ६ विरुद्ध ४ करून पाचही जागा खाल्ल्या असत्या. तेही तितकंच वाईट. प्रश्न पक्षाचा नाहीच, पेन्सिलीचा आहे.

खरंखुरं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य बघा. २०१८ साली तिथल्या विधानसभेला डेमोक्रॅटिक उमेदवारांना मिळून सुमारे ५३ टक्के मतं पडली आणि ९९ पैकी ३६ जागा मिळाल्या. त्या पक्षाचे मतदार शहरांत एकगठ्ठा राहतात आणि काही जागांवर लढतच झाली नव्हती, हे मान्य करूनही एवढी तफावत आपोआप पडत नाही.

पण हा सगळा अमेरिकेचा रोग. आपल्याला त्याचं काय?

रोग तिथे जास्त आहे म्हणूनच औषधंही तिथे जास्त करून पाहिली गेली आहेत. शिवाय राजेंद्र नगर किंवा तिलक नगरच्या कुठल्याही गल्लीत विचारा, एखाद्या घरचा मुलगा-सून कॅलिफोर्नियात नाहीतर मिशिगनमध्ये निघतातच, आणि त्यातली बरीच आता तिथे मत देतात. त्यांच्याकडूनच आम्हाला या आयोगांबद्दल पहिल्यांदा कळलं.

तिथली पद्धत अशी. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की बहुतेक राज्यांत तिथली विधिमंडळंच हद्दी आखतात. म्हणजे आमदारच आपला मतदार निवडतो. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी पक्षाच्या सोयीच्या अशाच एका नकाशावर सही केली, तेव्हापासून ही चाल बदनाम आहे, आणि तेव्हापासून चालूच आहे. दोन्ही पक्ष करतात. नॉर्थ कॅरोलायनात रिपब्लिकनांनी १३ पैकी १० जागा आपल्याला पडतील असा नकाशा केला. मेरीलँडमध्ये डेमोक्रॅटांनी ८ पैकी ७ जागा मिळतील असा केला. दोन्ही खटले एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला की पक्षीय फायद्यासाठी केलेल्या आखणीत संघराज्याची न्यायालयं पडणार नाहीत.

कोर्टाचं दार बंद झालं की उरतात लोक.

नागरिकांचा आयोग निवडतात कसा? शेवटी ओळखीपाळखीचेच बसतात ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात योग्य प्रश्न. कॅलिफोर्नियाची रीत जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

तिथे २००८ साली लोकांनी मतदान करून राज्य विधिमंडळाच्या हद्दी आमदारांच्या हातून काढून घेतल्या आणि २०१० मध्ये संसदेच्या जागाही त्याच आयोगाकडे दिल्या. आयोगात १४ जण: ५ डेमोक्रॅट, ५ रिपब्लिकन, ४ या दोन्ही पक्षांत नसलेले. अर्ज कुणीही करू शकतो. पहिल्या वेळी सुमारे ३० हजार आले. पण चाळणी बारीक आहे. गेल्या दहा वर्षांत तुम्ही किंवा तुमच्या जवळच्या घरच्यांनी निवडणूक लढवली असेल, पक्षाचं पद भूषवलं असेल, पैसे घेऊन लॉबिंग केलं असेल किंवा एखाद्या उमेदवाराला एका वर्षात दोन हजार डॉलर किंवा जास्त देणगी दिली असेल, तर अर्ज बाद. मतदानालाच जात नसाल तरीही बाद. मागच्या तीनपैकी दोन सार्वत्रिक निवडणुकांत मत दिलेलं असावं लागतं.

ही छाननी राज्याच्या लेखापरीक्षकाचं कार्यालय करतं, मंत्री नाही. छाननीतून ६० नावं उरतात. त्यातली जास्तीत जास्त २४ नावं विधिमंडळातले दोन्ही बाजूंचे नेते खोडू शकतात. त्यांचा हस्तक्षेप तिथेच संपतो; खोडायचा अधिकार आहे, घालायचा नाही. उरलेल्यांतून ८ जण सोडतीने निघतात आणि ते आठ जण मिळून बाकीचे ६ निवडतात. आपल्या मोहल्ल्यातल्या गणेशमंडळाची कार्यकारिणी एवढ्या कडक पद्धतीने निवडली तर निम्मी भांडणं मिटतील.

मंजुरीची अट तर आणखी नामी. साधं बहुमत चालत नाही. १४ पैकी ९ मतं लागतात आणि तीही तिन्ही गटांतून किमान तीन-तीन. एका पक्षाने दुसऱ्याला बाजूला सारून नकाशा रेटणं शक्यच नाही. आणि आयोगावर बसलेल्या माणसाला पुढची १० वर्षं निवडणूक लढवता येत नाही, त्यामुळे 'आधी हद्द आखतो, मग तिकीट मागतो' हा धंदा बंद.

साध्या माणसाला नकाशातलं काय कळतं?

फारसं नाही, आणि गरजही नाही. आयोगाला वकील असतात, नकाशातज्ज्ञ असतात, संगणक असतो. सदस्यांचं काम आहे ठरवणं: ही वस्ती तोडायची की ती? आपल्याकडे खुनाच्या खटल्यात न्यायाधीशाला बंदुकीची कारागिरी यावी लागत नाही, तज्ज्ञाची साक्ष पुरते.

शिवाय त्यांना मोकळं रान दिलेलं नसतं. कॅलिफोर्नियात निकषांची उतरंड कायद्यातच आहे: आधी लोकसंख्येची समानता, मग अल्पसंख्य मतदारांच्या हक्कांचा कायदा, मग भूभाग सलग असणं, मग शहर-मोहल्ला-समाज शक्यतो अखंड राखणं, आणि त्यानंतर आकार आटोपशीर असणं. एखादा आमदार कुठे राहतो, कोणत्या पक्षाला फायदा होतो, याचा विचारसुद्धा करायला मनाई.

आपल्याकडे परिसीमन आयोग आहेच की! अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. मग तक्रार कसली?

तक्रार नाही, अपुरेपणा आहे. या बाबतीत भारत अमेरिकेच्या पुष्कळ पुढे होता आणि आहे; १९५२ पासून देशभरासाठी चार परिसीमन आयोग झाले आणि एकाही आयोगात आमदार-खासदारांना मताधिकार नव्हता. त्यातल्या शेवटच्या, २००२ च्या कायद्याखालच्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग. सोबत एक निवडणूक आयुक्त आणि संबंधित राज्याचे निवडणूक आयुक्त. प्रत्येक राज्यातून ५ खासदार आणि ५ आमदार 'सहयोगी सदस्य' म्हणून बसत. त्यांना मत नव्हतं, सही नव्हती.

पण नीट बघा. खोलीत बसून पहिला मसुदा पाहणारे दहा जण कोण? तर ज्यांची खुर्ची त्या रेषेवर अवलंबून आहे तेच. त्यांचा वेगळा प्रस्ताव मसुद्यासोबत छापला जायची सोयही कायद्यात आहे. नागरिकाची पाळी मसुदा छापून आल्यावर, हरकत आणि जाहीर सुनावणीपुरती. हरकती 'विचारात घ्यायच्या' एवढंच कायदा म्हणतो. तुमची हरकत का फेटाळली याचं लेखी उत्तर मिळेलच असं नाही. कॅलिफोर्नियात अंतिम नकाशासोबत कारणांचा अहवाल द्यावाच लागतो.

एकदा आदेश निघाला की पुढचा रस्ता अरुंद. त्याची कहाणी आपल्या शेजारचीच आहे. साठच्या दशकात उज्जैनची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. उज्जैनचेच रहिवासी मेघराज कोठारी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, मग सर्वोच्च न्यायालयात. १९६६ मध्ये निकाल आला: आयोगाच्या आदेशाला कायद्याचं बळ आहे, त्याला न्यायालयात आव्हान नाही. आरक्षणाबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हा मुद्दा वेगळा (उज्जैन आजही राखीव आहे आणि आमचा आरक्षणाला विरोध नाही). पण त्या निकालाने पुढची अनेक दशकं दार लावून घेतलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आदेश उघडउघड मनमानी असेल तर तपासता येईल. बारीकशी फट, इतकंच.

आणि आयोग स्वच्छ असला तरी त्याच्या भोवतीची जमीन सरकारच्या ताब्यात असते. आसामात २०२३ चं परिसीमन निवडणूक आयोगाने केलं. १ जानेवारी २०२३ पासून जिल्ह्यांच्या हद्दी गोठणार होत्या. त्याच्या आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबरला, राज्य सरकारने चार जिल्हे शेजारच्या जिल्ह्यांत विलीन करून टाकले. आखणाऱ्याचे हात बांधायचे असतील तर कागदच बदलून द्यायचा, असा तो प्रकार.

वॉर्डांच्या हद्दी कोण ठरवतं?

इथे मात्र सरळ सरळ तक्रार आहे. आपल्या राज्यात महापालिकेच्या वॉर्डांची संख्या आणि हद्द राज्य सरकारच्या अधिसूचनेने ठरते. कागद कलेक्टर कचेरीत तयार होतात. निवडणूक घेण्याचं काम राज्य निवडणूक आयोगाचं, पण मैदान आखायचं काम भोपाळच्या सरकारचं. इंदूरच्या ८५ वॉर्डांचा नकाशा शेवटी सत्तेत जो असेल त्याच्या सहीने लागू होतो. पार्षदाचं (म्हणजे नगरसेवकाचं) तिकीट कुणाला, हे ज्या बैठकीत ठरतं, त्याच बैठकीतल्यांच्या कानावर नकाशाही असतो, हे सांगायला पुरावा कशाला हवा?

महाराष्ट्रात तरी बरं असेल असं वाटत असेल तर पुण्याच्या नातेवाइकांना विचारा. मार्च २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. प्रभागात एक सदस्य, तीन की चार, हेही सरकारागणिक बदलत गेलं.

म्हणून आमची पहिली मागणी वॉर्डांची आहे. हा बदल राज्याच्या विधानसभेला करता येतो. लोकसभा-विधानसभेच्या आयोगासाठी संसदेत जावं लागेल.

महू इंदूर जिल्ह्यात, मग तिथले लोक धारच्या खासदाराला मत का देतात?

आकड्यांमुळे. मध्य प्रदेशात विधानसभेच्या २३० जागा आणि लोकसभेच्या २९. म्हणजे एका लोकसभेत साधारण ८ विधानसभा बसतात. इंदूर जिल्ह्यात आहेत ९. पाच शहरातल्या, शिवाय राऊ, सांवेर, देपालपूर, महू. नववी कुठेतरी जाणारच होती, ती महू ठरली आणि धारमध्ये गेली. कलेक्टर इंदूरचा, खासदार धारचा. यात अन्याय आहे असं म्हणणार नाही, गणित तसंच आहे. पण नऊतली कोणती बाहेर जावी, हा निर्णय तिथे राहणाऱ्यांनी आधी चर्चा करून घ्यायचा असतो. मसुदा छापून आल्यावर हरकत घेण्याला चर्चा म्हणत नाहीत.

यात मराठी माणसाचा काय फायदा?

मराठी आमदार निवडून येईल असा मतदारसंघ हवा असेल तर माफ करा, तो कुठलाच आयोग देऊ शकणार नाही आणि देऊही नये. आपली वस्ती रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, तिलक नगर अशी शहरभर विखुरलेली आहे. आणि सुमित्राताई महाजन १९८९ पासून लागोपाठ आठ वेळा इंदूरच्या खासदार झाल्या, त्या काही फक्त मराठी मतांवर नाही.

फायदा आहे तो मोहल्ल्याचा. एकाच वस्तीतून रेष गेली की रस्त्याच्या अलीकडचा एका पार्षदाकडे, पलीकडचा दुसऱ्याकडे. ड्रेनेज तुंबलं की दोघंही म्हणणार, 'ते माझ्यात येत नाही.' मराठी असो, सिंधी असो की बोहरी, वस्ती अखंड असेल तर जाब कुणाला विचारायचा हे कळतं.

दक्षिणेतली राज्यं परिसीमनावरून चिडली आहेत. तुम्ही कुणाच्या बाजूने?

तो वाद कोणत्या राज्याला किती जागा, याचा आहे. आमचा विषय रेषा कुठून जाते आणि कोण ओढतं, हा. दोन्हींची गल्लत करू नका.

मिशिगनमध्ये नागरिकांचा आयोग चुकला आणि कोर्टाने नकाशा रद्द केला म्हणे?

खरं आहे. मिशिगनने २०१८ च्या मतदानातून १३ जणांचा आयोग आणला: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ अपक्ष, सोडतीने निवडलेले. त्यांच्या नकाशावर २०२२ ची निवडणूक झाली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने डेट्रॉइट भागातले १३ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले, कारण ते प्रामुख्याने वंशाच्या आधारावर आखले होते. आयोगाला ते पुन्हा आखावे लागले. चूक उघड झाली, कोर्टात टिकली नाही, दुरुस्त झाली. मेघराज कोठारींना यातलं काहीच मिळालं नव्हतं.

व्हर्जिनियाची गोष्ट मात्र आमच्या मागणीला जास्त अडचणीची आहे. तिथल्या आयोगात निम्मे नागरिक, निम्मे आमदार. २०२१ मध्ये दोन्ही बाजू अडून बसल्या, नकाशा झालाच नाही, शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आखून घेतला. यातून आम्ही एकच धडा घेतला: आमदारांना आत घेऊन तडजोड करायची नाही.

आणि कॅलिफोर्नियाने स्वतःच तो आयोग गुंडाळला ना?

गुंडाळला नाही, संसदेच्या जागांपुरता बाजूला ठेवला. २०२५ च्या उन्हाळ्यात टेक्सासने जनगणनेची वाट न बघता रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून नकाशा बदलला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये कौल देऊन विधिमंडळाचा, डेमोक्रॅटांना सोयीचा, नकाशा २०३० च्या निवडणुकीपर्यंत स्वीकारला. त्यानंतर काम पुन्हा आयोगाकडे.

यावरून आमच्यातच दोन तट आहेत. काहींच्या मते समोरचा तलवार घेऊन आल्यावर हा नियम पाळणं म्हणजे भाबडेपणा. बाकीच्यांना वाटतं, एकदा सोयीसाठी नियम मोडला की पुढच्या वेळी कारण शोधायला वेळ लागत नाही. एक मात्र दोघांनाही पटतं: असे आयोग राज्याराज्यांत तुकड्यातुकड्याने असले की प्रामाणिक राज्याचंच नुकसान होतं. म्हणून आपल्याकडे मागणी करायची ती सगळ्या राज्यांना एकच नियम लागू होईल अशी. आपल्याकडे संसदेचा एक कायदा सगळीकडे चालतो, ही आपली जमेची बाजू.

तुम्ही कोणत्या पक्षाचे?

सह्या करणाऱ्यांत दोन्हीकडचे आहेत. सही न करणाऱ्यांतही.

नेमकं मागता काय?

आयोगात किमान निम्म्या जागा सोडतीने निवडलेल्या नागरिकांना. पक्षाचे पदाधिकारी आणि त्यांचे घरचे बाद. सदस्यांना पुढची दहा वर्षं निवडणूकबंदी. पहिल्या मसुद्याच्या आधी वस्त्यांतून सुनावण्या. फेटाळलेल्या प्रत्येक हरकतीचं लेखी कारण. वॉर्डांच्या आखणीसाठी असाच आयोग, सरकारच्या नाही तर राज्य निवडणूक आयोगाच्या छताखाली.

हे होईल तेव्हा होईल. पुढच्या वेळी वॉर्डांचा मसुदा लागला तर मी आज काय करू शकतो?

हरकत घ्या, आणि ती नीट लिहा. 'आमच्यावर अन्याय झाला आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी' असली हरकत फायलीत जाते आणि तिथेच राहते. हिंदीत लिहा, कचेरीत वाचणाऱ्याला सोपं पडतं. वॉर्ड क्रमांक, मतदारयादीतला भाग क्रमांक आणि गल्लीचं नाव लिहा. मसुद्यातली रेष कुठून जाते आणि तुम्हाला कुठून हवी ते सांगा: कान्ह नदीचं पात्र, रेल्वे लाइन, मोठा रस्ता अशी डोळ्यांना दिसणारी खूण धरा. रेष सरकवल्यावर दोन्ही वॉर्डांची लोकसंख्या किती होते हा हिशेब जोडला तर तुमचा कागद वरचढ ठरतो, कारण अधिकाऱ्याला तेच गणित पुन्हा करावं लागत नाही. पेन्सिलीने काढलेला नकाशा चालतो. पोच घ्या, शिक्क्यासकट. आणि सुनावणीला एकटे जाऊ नका. रेषेच्या पलीकडे गेलेला शेजारीही सोबत न्या, त्याच्या सहीचा वेगळा कागद घेऊन.